ऑफ-रोड गाडीचं स्टिअरिंग ढिलं झालंय, पण नेमकं कुठे?

काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या फोर-बाय-फोरला एक खोड लागली. ताशी 70 च्या आसपास वेग असताना पुढचं एखादं चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं, की स्टिअरिंग हातात नाचायला लागायचं. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते शांत व्हायचं नाही. एका गॅरेजात निदान झालं, स्टिअरिंग डँपर, म्हणजे स्टिअरिंगचे हिसके दाबणारा शॉकअ‍ॅब्सॉर्बरसारखा भाग, गेलाय. नवा डँपर बसला, नाच थांबला, मीही निर्धास्त झालो. दोन महिन्यांनी तोच नाच परत सुरू. तेव्हा मी स्वतः गाडीखाली आडवा झालो आणि एका मित्राला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं. अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडचा चॅसीकडचा बोल्ट भोकातल्या भोकात सरकत होता. भोक गोल राहिलं नव्हतं, झिजून लांबट झालं होतं. डँपरने दुखणं तसंच ठेवून नुसतं कण्हणं थांबवलं होतं.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. ढिलाई कुठे आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किंवा बोटाला जाणवल्याशिवाय एकही भाग विकत आणायचा नाही. हा लेख मुख्यतः त्या शोधाबद्दल आहे. भाग बदलण्याचं कामही पुढे येईल, पण शोध चुकला तर उत्तम बदललेला भागसुद्धा वाया जातो.

हातापासून चाकापर्यंतची साखळी

स्टिअरिंग फिरवल्यावर ती हालचाल चाकापर्यंत कशी पोचते, ते एकदा डोळ्यांसमोर आणा. स्टिअरिंगचा दांडा खाली उतरतो. वाटेत त्याला एक-दोन छोटे युनिव्हर्सल जॉइंट असतात. पुढे स्टिअरिंग बॉक्स. बॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवर पिटमन आर्म बसलेला असतो, तो लोलकासारखा इकडेतिकडे फिरतो. ड्रॅग लिंक नावाचा रॉड पिटमन आर्मची हालचाल एका चाकाच्या नकलला देतो, आणि टाय रॉड ती दुसऱ्या चाकापर्यंत नेतो. नकल म्हणजे चाकाचा हब ज्यावर बसतो तो ओतीव भाग. तो वर-खाली बॉल जॉइंटवर किंवा जुन्या बनावटीत किंगपिनच्या बेअरिंगवर फिरतो. सगळ्यात शेवटी व्हील बेअरिंग.

हे वर्णन सॉलिड अ‍ॅक्सलच्या, म्हणजे दोन्ही पुढची चाकं एकाच तुळईला जोडलेल्या गाडीचं झालं. सुझुकी जिम्नी, जीप रँग्लर, लँड क्रूझर 80 किंवा 2016 पर्यंत बनलेली जुनी लँड रोव्हर डिफेंडर या सगळ्या त्या कुळातल्या. पुढची चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होणाऱ्या, म्हणजे इंडिपेंडंट सस्पेन्शनच्या गाड्यांत बॉक्सऐवजी बहुधा रॅक असतो, नाहीतर आयडलर आर्म आणि मधला रिले रॉड असतो. सांध्यांची नावं आणि जागा बदलतात, तपासायची रीत मात्र तीच राहते.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय इतक्याशा झिजेचा एवढा बाऊ का करायचा ते कळत नाही. समजा, बॉक्सचं गुणोत्तर 17 आहे, म्हणजे स्टिअरिंग 17 अंश फिरलं की पिटमन आर्म एक अंश फिरतो. पिटमन आर्म 15 सेंटिमीटर लांब आहे आणि स्टिअरिंगच्या चाकाची त्रिज्या 19 सेंटिमीटर. ड्रॅग लिंकच्या सांध्यात फक्त एक मिलिमीटर ढिलाई आली, तर स्टिअरिंगच्या कडेवर ती दोन सेंटिमीटरहून जास्त जाणवेल. अनेक गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कडेवरच्या मोकळ्या हालचालीची मर्यादा 30 मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. म्हणजे एकाच सांध्यातला एक मिलिमीटर त्या मर्यादेचा मोठा वाटा खाऊन टाकतो. उलट्या बाजूनेही हे खरं आहे. दहा सांध्यांत थोडी थोडी ढिलाई असेल तर एकही सांधा ‘खराब’ दिसत नाही आणि तरी गाडी रस्त्यावर पोहते.

ऑफ-रोड गाडीचे सांधे लवकर का जातात

दगड आणि दणके हे पहिलं उत्तर सगळेच देतात. माझ्या मते पाणी आणि बारीक माती त्याहून जास्त नुकसान करतात.

टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट म्हणजे एका वाटीत बसलेला घासून गुळगुळीत केलेला गोळा, भोवती ग्रीस आणि वर रबरी टोपण. टोपण शाबूत आहे तोवर हा सांधा अनेक वर्षं चालतो. झुडपाच्या खोडाने किंवा दगडाने टोपण फाटलं, की आत चिखल जातो आणि ग्रीस व रेती यांचा लगदा बनतो, जो व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखंच काम करतो. म्हणून फाटलेलं टोपण दिसलं की सांधा आज घट्ट असला तरी तो गेल्यात जमा धरायचा.

हबचा प्रकार आणखी गंमतीचा आहे. लांब चालून आलेली गाडी, तापलेले ब्रेक, गरम झालेले हब, आणि समोर ओढा. तुम्ही थेट पाण्यात उतरता. गरम हबमधली हवा एकदम थंड होऊन आकसते, आत दाब कमी होतो आणि तो सीलच्या ओठावरून पाणी आत ओढून घेतो. नंतर हब उघडला की ग्रीस दुधाळ दिसतं. खोल पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं थांबून हब निवू द्यायचे, हा सल्ला याच कारणासाठी दिला जातो.

आणि मोठे टायर. मूळ टायरपेक्षा रुंद टायर आणि जास्त बाहेर येणारे रिम लावले की चाकावर आलेला प्रत्येक दणका नकलच्या अक्षापासून अधिक लांब अंतरावर बसतो. तरफ लांबते, आणि तीच बेअरिंग, तेच सांधे जास्त ताण सोसतात. गाडी उंच केली असेल तर सांध्यांचे कोनही बदलतात. इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये बॉल जॉइंट कायम तिरका राहतो, त्याच्या हालचालीच्या टोकाजवळ. असा सांधा लवकर जातो यात नवल काही नाही.

गाडी काय सांगते

लक्षणांवरून थेट निदान करू नये, पण शोध कुठून सुरू करायचा ते लक्षणं सांगतात.

सरळ रस्त्यावर सतत स्टिअरिंग सावरावं लागत असेल तर साखळीत कुठेतरी ढिलाई आहे, किंवा कॅस्टर कमी झालाय. कॅस्टर म्हणजे नकल ज्या अक्षावर फिरते त्याचा मागे झुकलेला कोन. त्याच्यामुळेच वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. गाडी उंच केल्यावर अ‍ॅक्सल थोडा पुढे फिरतो, कॅस्टर कमी होतो आणि सगळे सांधे नवे असतानाही गाडी भरकटते. हे लक्षात नसेल तर माणूस निष्कारण बॉल जॉइंट बदलत बसतो.

हळू वेगात खडबडीत वाटेवर खटखट आवाज आला तर बुश (सांध्यातली रबरी नळी), अँटी-रोल बारच्या लिंक किंवा शॉकअ‍ॅब्सॉर्बरची वरची डोळी पाहा. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला झेपावली तर अ‍ॅक्सल किंवा चाक चॅसीला जोडणाऱ्या रेडियस आर्मचे किंवा कंट्रोल आर्मचे बुश. ब्रेकचा जोर अ‍ॅक्सलला मागे ढकलतो आणि सैल बुश असलेली बाजू जास्त मागे जाते. अर्थात हेच लक्षण अडकलेल्या ब्रेक कॅलिपरचंही असतं, म्हणून तोही पाहायचा.

टायरवरून हात फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय, म्हणजे दोन्ही चाकं वरून पाहता समांतर राहिलेली नाहीत. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड खाल्ली गेली असेल तर कँबरकडे, म्हणजे समोरून पाहता चाक आत किंवा बाहेर किती झुकलंय त्याकडे पाहा. गोल घेरावर मधूनमधून खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय. शॉकअ‍ॅब्सॉर्बर गेलाय, बॅलन्स बिघडलाय किंवा काहीतरी सैल आहे. चिखलाच्या मोठ्या ब्लॉकच्या टायरांवर हे वाचन थोडं अवघड जातं, कारण ते टायर चांगल्या गाडीवरही वेडेवाकडे झिजतात.

चाकं जमिनीवर ठेवून करायची तपासणी

ही सगळ्यात उपयोगी तपासणी आहे, आणि तिला एका मदतनिसाशिवाय काही लागत नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला, गिअर न्यूट्रल, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, आणि मग गाडी उघड्यावरच हवी, बंद खोलीत नाही. चाकं जमिनीवरच ठेवायची. जॅकवर उचलली की टायरचा विरोध संपतो आणि लहान ढिलाई लपून राहते.

मदतनीस स्टिअरिंग घड्याळाच्या 10 पासून 2 पर्यंत सावकाश, पुन्हा पुन्हा हलवतो. तुम्ही वरून खाली एकेका सांध्यावर बोटं ठेवत जाता, अर्धं बोट एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. सांध्याच्या फटीत बोट घालू नका, वरून टेकवा. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटाला लगेच कळतं.

शोधायचं एवढंच, की कुठल्या जागी एक बाजू हलते आणि दुसरी मागे रेंगाळते. स्टिअरिंगचा दांडा हलला, पण बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट उशिरा हलला तर युनिव्हर्सल जॉइंट. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट हलला, पण पिटमन आर्म थांबून राहिला तर बॉक्सच्या आतली झीज. पिटमन आर्मच्या आधी अख्खा बॉक्सच हलला तर त्याचे बोल्ट सैल आहेत किंवा चॅसीला तडा गेलाय. हा तडा हसण्यावारी नेऊ नका. जड टायर आणि दगडात अडकलेली चाकं जोर लावून वळवण्याची सवय, या दोन्हींमुळे बॉक्सच्या बोल्टांभोवतीचा पत्रा खरंच फाटतो. चिखल पुसून, तारेच्या ब्रशने घासून पाहिल्याशिवाय तो दिसत नाही.

पुढे ड्रॅग लिंकची दोन टोकं, टाय रॉडची दोन टोकं. इथे एक फसगत होते. टाय रॉड स्वतःच्या अक्षाभोवती थोडा पुढे-मागे गरगरतो, ते साहजिक आहे, कारण त्याची दोन्ही टोकं गोलाकार सांध्यांवर आहेत. ती ढिलाई नाही. सांधा वर-खाली किंवा रॉडच्या लांबीच्या दिशेने सरकतोय का, ते पाहायचं.

मग पॅनहार्ड रॉड. कॉइल स्प्रिंगवरच्या सॉलिड अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा हा एकटाच रॉड. त्याचं एक टोक चॅसीवर, दुसरं अ‍ॅक्सलवर. स्टिअरिंग हलवताना दोन्ही टोकांचे बोल्ट ब्रॅकेटच्या तुलनेत जागचे हलता कामा नयेत. रबर थोडं दबेल, ते चालतं. बोल्ट भोकात सरकला तर चालत नाही. लोक टाय रॉड एंड वर्षानुवर्षं तपासत राहतात आणि हा रॉड विसरतात, मीही त्यातलाच होतो.

लीफ स्प्रिंगच्या गाडीत हे काम पाटे करतात. तिथे शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी) आणि पाट्याच्या डोळ्यातले बुश याच वेळी पाहायचे.

चाक उचलून

आता चाक हवेत. जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. चॅसीखाली किंवा अ‍ॅक्सलखाली भक्कम स्टँड, खाली कडक जमीन, उलट टोकाच्या चाकांना ठोकळे. मऊ मातीवर स्टँड रुततो, तेव्हा खाली जाड फळी घ्या.

टायर वर आणि खाली, म्हणजे 12 आणि 6 वर धरून आत-बाहेर हलवा. हालचाल जाणवली तर दोन संशयित उरतात, व्हील बेअरिंग, नाहीतर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. दोघांना वेगळं करायची युक्ती सोपी आहे. मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल एकमेकांना जखडले जातात. हालचाल नाहीशी झाली तर ती बेअरिंगची होती. तशीच राहिली तर नकलच्या सांध्यांची.

मग 3 आणि 9 वर धरून हलवा. इथे फक्त आडवी ढिलाई आली तर टाय रॉड, ड्रॅग लिंक किंवा बॉक्सकडे बोट जातं. दोन्ही दिशांना सारखीच आली तर बेअरिंगची शक्यता वाढते.

इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये जॅक कुठे लावला यावर निकाल अवलंबून असतो. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या आर्मवर असेल तर गाडीचा भार खालचा बॉल जॉइंट वाहतो. जॅक चॅसीखाली लावला तर स्प्रिंग आर्मला खाली ताणून धरते आणि झिजलेला सांधाही घट्ट वाटतो. जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावा, म्हणजे सांध्यावरचा भार उतरतो. मग टायरखाली पहार घालून हलकेच उचला आणि सांध्याकडे पाहा. स्प्रिंग वरच्या आर्मवर असलेल्या बनावटीत हे उलटं होतं.

लँड क्रूझर 80 सारख्या किंगपिनच्या जुन्या अ‍ॅक्सलवर आणखी एक गोष्ट पाहायची, नकलला स्टिअरिंग आर्म धरून ठेवणारे स्टड. ते हळूहळू सैल होतात, मग तुटतात. जिथे चिखलात सुकलेली गंजाची रेघ किंवा ग्रीसची गळती दिसते तिथे पाना लावून पाहा.

बुश, पाटे, शॉकअ‍ॅब्सॉर्बर

बुश तपासायचा तर पहारीचं टोक आर्म आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये घालून थोडं रेटा. वरवरच्या बारीक चिरा जवळजवळ प्रत्येक जुन्या रबराला असतात. रबर धातूच्या नळीपासून सुटलंय का, नळी मध्यभागी न राहता एका बाजूला बसलीय का, हे महत्त्वाचं. ब्रॅकेटवर ताजी चमकणारी खरवड दिसली तर धातूला धातू लागतोय.

पाट्यांत तुटलेलं पान शोधा. मुख्य पानाच्या खालची पानं अनेकदा पाट्यांना अ‍ॅक्सलवर बांधणाऱ्या यू-बोल्टजवळच तुटतात आणि चिखलात लपतात. दोन्ही बाजूंना हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत माप घ्या, फरक बोलका असतो. पाट्यांना एकत्र बांधणारा सेंटर बोल्ट तुटला तर अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मागच्या आणि पुढच्या हबमधलं अंतर दोन्ही बाजूंना मोजलं की ते पकडलं जातं.

शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर हलकी ओल असणं आणि तेलाचा ओघळ असणं यात फरक आहे. ओल कधीकधी साधी असते, ओघळ मात्र नाही. बंपर दाबून गाडी किती वेळा डुलते ते मोजायची जुनी पद्धत जड गाडीवर फारशी उपयोगाची नाही. त्यापेक्षा खडबडीत रस्त्यावर थोडा वेळ चालवा आणि उतरल्याबरोबर चारही शॉकअ‍ॅब्सॉर्बरजवळ सावधपणे हात न्या. शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं कामच दणक्याची ऊर्जा उष्णतेत बदलायचं आहे. तिघे गरम आणि एक गार असेल तर तो गारच काम करत नाहीये.

तो नाच

सुरुवातीला सांगितलेल्या नाचाला इंग्रजीतल्या ‘डेथ वॉबल’ या नावानेच सगळे ओळखतात. तो बहुतेक करून सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाड्यांत येतो, कारण दोन्ही चाकं एकाच तुळईला आणि एकाच टाय रॉडला बांधलेली असतात. एका चाकाचा हिसका दुसऱ्याला जातो, ते तो परत पाठवतं, आणि कुठेतरी ढिलाई असेल तर ही देवाणघेवाण विझायच्या ऐवजी वाढत जाते. पॅनहार्ड रॉड, त्याची भोकं, बॉल जॉइंट, कंट्रोल आर्मचे बुश, टाय रॉड एंड, बिघडलेला टायर बॅलन्स, कमी झालेला कॅस्टर यांपैकी एक किंवा दोन-तीन मिळून कारण असतात. डँपर या यादीत नाही. डँपर काढून गाडी सावकाश चालवली तरी निरोगी साखळी नाचत नाही.

नाच सुरू झालाच तर स्टिअरिंग घट्ट धरा, पण अंगठे चाकाच्या आतल्या आऱ्यांत अडकवू नका. हळूहळू वेग कमी करा, सुरक्षित जागी बाजूला घ्या. तशीच गाडी पुढे रेटत घरी नेणं म्हणजे प्रत्येक नाचात चांगला सांधाही झिजवणं.

बदलताना

टाय रॉड एंडचा दांडा निमुळता असतो आणि तशाच निमुळत्या भोकात घट्ट रुतून बसलेला असतो. नट काढला तरी तो सुटत नाही, म्हणून लोक दांड्याच्या टोकावरच हातोडा मारतात आणि आटे चेपतात. नट दोन-तीन आट्यांवर ठेवा आणि नकलच्या आर्मवर, भोकाच्या बाजूला, दोन्हीकडून हातोड्याचे नेमके फटके द्या. भोक क्षणभर लांबट होतं आणि दांडा ठक्कन सुटतो. त्यासाठीचा पुलर असेल तर उत्तमच. फोर्कसारखं हत्यार पटकन काम करतं, पण टोपण फाडतं, म्हणून जुनाच सांधा परत बसवायचा असेल तर ते वापरू नका. आणि या भागांवर गॅसची ज्योत किंवा वेल्डिंग अजिबात नको. उष्णतेने पोलादाची ताकद बदलते, ती डोळ्यांना दिसत नाही.

टाय रॉडच्या दोन टोकांना बहुधा सुलटे आणि उलटे असे दोन प्रकारचे आटे असतात, म्हणूनच रॉड फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. जुनं टोक काढण्याआधी दोन्ही सांध्यांच्या मध्यांतलं अंतर मोजून लिहून ठेवा, आणि काढताना फेरे मोजा. नवं टोक तितकेच फेरे आत. दोन्ही बाजूंना आटे साधारण सारखेच आत गेले पाहिजेत. एक टोक बरंच आत आणि दुसरं जेमतेम अडकलेलं, असं ठेवून टो बरोबर आला तरी तो रॉड धोक्याचा आहे.

कॅसल नटमध्ये (माथ्यावर खाचा असलेला नट) कॉटर पिन, म्हणजे नट फिरू न देणारी दुमडती पिन, घालताना खाच आणि भोक जुळलं नाही, तर नट थोडा आणखी आवळून जुळवा. जुळवण्यासाठी मागे सोडू नका. पिन नेहमी नवी. नायलॉनच्या कडीचे लॉक नटही एकदाच वापरायचे.

पिटमन आर्मसाठी पुलरच हवा. शाफ्टच्या टोकावर घण घातला तर बॉक्समधलं बेअरिंग जखमी होतं, आणि मग एक दुखणं काढताना दुसरं लावून घेतो. काढण्याआधी आर्म आणि शाफ्टवर जुळणारी खूण करा. बॉक्सवरच्या समायोजनाच्या स्क्रूचा मोह बहुतेकांना होतो. थोडा आवळला की ढिलाई कमी वाटते. पण बॉक्सचे दात सरळ चालताना म्हणजे मध्यावरच सगळ्यात जास्त झिजतात. मध्य घट्ट करायला स्क्रू आवळला तर वळणावर दात जाम होतात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने, चाकं सरळ ठेवून आणि अगदी थोडं, एवढंच. बाकीचे सगळे सांधे तपासून झाल्यावर.

रबरी बुशबद्दल एक चूक इतकी सर्रास होते की चांगल्या गॅरेजातही ती पाहिलीय. आर्म लटकत असताना बोल्ट पूर्ण आवळतात. रबर नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. लटकलेल्या अवस्थेत आवळलं की गाडी चाकांवर उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा खाली-वर हलू द्या, मग टॉर्क रेंचने आवळा. पॉलियुरेथेनचे बुश वेगळे. ते नळीभोवती फिरतात, म्हणून त्यांना सोबत दिलेलं वंगण लागतं. ते जास्त टिकतात हे खरं, पण रेडियस आर्मसारख्या ठिकाणी, जिथे आर्मला पिळण्याची मोकळीक हवी, तिथे कडक बुश अ‍ॅक्सलची हालचाल अडवतात आणि ताण ब्रॅकेटवर टाकतात. दगडांतून जाणाऱ्या गाडीला मी अशा जागी साधं रबरच लावतो.

यू-बोल्ट काढले की नवेच लावा. आवळताना ते ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत. चारही नट आळीपाळीने, तिरप्या क्रमाने आवळायचे. कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बारमध्ये साठलेली शक्ती जीव घेऊ शकते. योग्य कॉम्प्रेसर आणि अनुभवी माणूस जवळ नसेल तर हे काम सोडून द्या, त्यात कमीपणा नाही. शॉकअ‍ॅब्सॉर्बर एकाच अ‍ॅक्सलवर जोडीनेच बदलतात.

व्हील बेअरिंगचं समायोजन गाडीगणिक वेगळं आहे, पण मूळ रीत अशी, की हब फिरवत फिरवत नट आवळायचा म्हणजे रोलर जागी बसतात, मग सैल करायचा, आणि शेवटी मॅन्युअलमधल्या मापापर्यंत पुन्हा आणायचा. ग्रीस रोलरच्या फटीफटीत दाबून भरा, वरून माखू नका. जुनी रेस, म्हणजे रोलर जिच्यावर फिरतात ती कडी, काढताना तिच्यावर निळसर डाग किंवा खवले दिसले तर बेअरिंग आणि रेस दोन्ही एकत्र बदला.

काम झाल्यावर

स्टिअरिंगचा कुठलाही भाग बदलला की टो मोजावाच लागतो. अलाइनमेंटच्या यंत्रापर्यंत पोचेस्तोवर टेपवर काम भागतं. दोन्ही टायरच्या मध्यभागी, हबच्या उंचीवर, समोरच्या बाजूला खडूची खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. गाडी अर्धा फेरा पुढे ढकला, म्हणजे त्याच खुणा मागच्या बाजूला येतील, आणि पुन्हा मोजा. त्याच खुणा वापरल्याने टायरचा वाकडेपणा मापात शिरत नाही. अनेक सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाड्यांत पुढचं अंतर मागच्यापेक्षा शून्य ते तीन मिलिमीटर कमी असावं लागतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. स्टिअरिंगचं चाक वाकडं राहिलं तर टाय रॉडला हात लावू नका. ते ड्रॅग लिंकच्या लांबीने सरळ करायचं.

पहिली फेरी रिकाम्या जागी, कमी वेगात, ब्रेक मारून, दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून. होज किंवा ब्रेकची नळी कुठे ताणली जात नाही ना, रॉड कुठे घासत नाही ना, ते वाकून पाहा. पाणी पार करून आल्यावर ग्रीस निप्पल असलेल्या सांध्यांत नवं ग्रीस भरा, जुनं मळकट बाहेर येईपर्यंत. टोपण बंद प्रकारचं असेल तर ते फुगू लागलं की थांबा, नाहीतर ग्रीस गननेच ते फाडाल.

आणि शंभर-दीडशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने पाहायचे, यू-बोल्टचे तर नक्कीच. मी आता आवळलेल्या प्रत्येक नटावरून शेजारच्या धातूवर रंगाची एक पातळ रेघ ओढतो. पुढच्या वेळी गाडीखाली डोकावलं की पाना हातात घ्यायचीही गरज पडत नाही. रेघ सलग असेल तर नट जागेवर आहे, आणि तुटून दोन तुकड्यांत दिसली तर तो हललाय.